लाखोटा, मोर्तब आणि परवलीचा शब्द

साहित्याच्या अभ्यासकांना दुसऱ्यांची पत्रे वाचण्याचे एक सभ्य व्यसन असते. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. त्यांतील पत्रे लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही आपण नव्हतो. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे आज आपण वर्गात शिकवतो, तीही एकेका माणसाला उद्देशून लिहिलेली होती. दुसऱ्याचे पत्र कोणी, केव्हा आणि कोणाच्या अनुमतीने उघडावे, हा प्रश्न त्यामुळे आमच्या व्यवसायाच्या मुळाशीच आहे. ई-मेल खात्याच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपण तो संगणकतज्ज्ञांच्या हवाली करून मोकळे होतो. वस्तुतः तो पत्राच्या इतिहासातला प्रश्न आहे, आणि त्याच बाजूने तो येथे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा आढळते. पेशवाईतील कागदांवर ‘लेखनसीमा’ आणि ‘मोर्तब सूद’ हे शब्द दिसतात. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक ओळही घालू नये, असा त्यांचा अर्थ. बंद पत्राला आपण ‘लाखोटा’ म्हणतो, तो लाखेमुळे. लाखेची मोहोर फोडायला बळ लागत नाही. पोर्‍यासोर्‍यालाही ती फोडता येते. परंतु फोडली की फुटलेली दिसते. मोहोर हे कुलूप नव्हतेच, ती साक्षीदार होती. पत्र वाटेत कोणी वाचले असेल तर ते निदान कळावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

हा साक्षीदारही फितूर होऊ शकतो, हे १८४४ साली लंडनमध्ये दिसून आले. इटलीच्या एकीकरणासाठी झटणारा जोसेफ मॅझिनी तेथे निर्वासित म्हणून राहत होता. आपली पत्रे टपालखात्यात उघडून पुन्हा बंद केली जातात, असा त्याला संशय आला. मोहोर तर शाबूत दिसत होती. तेव्हा त्याने पत्रांच्या घडीत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस अशा क्षुल्लक वस्तू घालण्यास सुरुवात केली; पत्र पोहोचल्यावर त्या गायब झालेल्या आढळत. प्रकरण पार्लमेंटमध्ये गेले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमाने पत्रे उघडली जात होती, हे उघड झाले. थॉमस कार्लाइल याने ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून मॅझिनीची बाजू घेतली. त्याच वर्षी टपालखात्यातील परदेशी पत्रे उघडणारी गुप्त शाखा बंद करण्यात आली. खसखशीच्या चार दाण्यांनी जे सिद्ध केले ते आजही विसरण्याजोगे नाही: आपल्या पत्रावर आपलीच एखादी खूण असावी, आणि ती आपण अधूनमधून तपासावी.

आता परवलीच्या शब्दाकडे वळू. मराठीने ‘पासवर्ड’साठी हा शब्द पहाऱ्याच्या भाषेतून उचलला. तो अर्थवाही आहे. मात्र त्यात एक फसगत आहे. पहाऱ्यावरचा परवलीचा शब्द साऱ्या तुकडीला ठाऊक असे आणि वरचेवर बदलत असे. आपला परवलीचा शब्द मात्र एकट्यालाच ठाऊक असावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षे तोच राहतो. पहारेकऱ्याला माणसाचा चेहराही दिसत असे. संगणकाला चेहरा दिसत नाही; शब्द जुळला की तो दार उघडतो.

संगणकाच्या जगात हा शब्द रुजला तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची एक प्रणाली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे १९६१ साली दाखवली. प्रत्येकाच्या कागदपत्रांना स्वतंत्र कप्पा हवा, म्हणून प्रत्येकाला एकेक शब्द देण्यात आला. १९६२ मध्येच अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने सर्वांचे शब्द असलेली यादीच यंत्राकडून छापून घेतली. त्याला कोणाची गुपिते नको होती. त्याच्या वाट्याचा यंत्राचा वेळ पुरत नव्हता. १९६६ मध्ये तर आणखी मौज झाली. एका चुकीमुळे दोन फायलींची अदलाबदल झाली आणि यंत्रासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी दिसू लागली. कुलूप कोणी तोडले नव्हते. किल्ल्यांचा जुडगाच चव्हाट्यावर टांगला गेला होता. याच कॉर्बाटोंनी २०१४ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, परवलीच्या शब्दांचा हा पसारा दुःस्वप्नासारखा झाल्याची कबुली दिली.

यावरचा उपाय आपल्या जात्यावर नित्य घडणारा आहे. दाणे दळले की पीठ होते. पिठातून दाणे परत मिळत नाहीत. यंत्राने शब्द साठवूच नये, त्याचे ‘पीठ’ साठवावे. आपण शब्द दिला की तो पुन्हा दळून पाहावा आणि पीठ तेच आले तर दार उघडावे. बेल लॅब्जमधील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात ही पद्धत तपशिलाने मांडली. म्हणूनच चोख सेवा आपल्याला आपला जुना शब्द कधीच सांगू शकत नाही. जी सांगते तिने तो जसाच्या तसा जपून ठेवला आहे असे समजावे. त्याच निबंधात एक लाजिरवाणी नोंद आहे. लेखकांनी ३,२८९ परवलीचे शब्द तपासले. त्यांपैकी ८६ टक्के फार आखूड, शब्दकोशातले किंवा सहज हुडकण्याजोगे निघाले. चोर शब्दकोश घेऊन बसतो, हे भाषेच्या अभ्यासकांनी तरी विसरू नये. एक शब्द कितीही दुर्मीळ असला तरी अपुरा. चारपाच असंबद्ध शब्दांची लांबलचक रांग अधिक भक्कम. मात्र ती कोणाच्या कवितेतली ओळ नसावी, कारण कविता चोरालाही वाचता येतात.

तरीही इतिहासातील गाजलेली खाती पाहिली तर बळाने फोडलेली थोडी, आणि दारवानाला वा मालकाला विचारून उघडलेलीच अधिक. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते एका वीस वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उघडले. ‘परवलीचा शब्द विसरलो’ असे त्याने कळवले आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली: जन्मतारीख, पिन कोड, आणि पतीशी प्रथम भेट कोठे झाली. तिन्ही उत्तरे छापील बातम्यांत आणि आंतरजालावर सापडण्याजोगी होती. आपल्याकडे तर लेखकाचे जन्मगाव, आईचे माहेर, पहिली शाळा हे सारे गौरवग्रंथातच छापलेले असते! अशा प्रश्नांना खरे उत्तर देणे हा प्रामाणिकपणा नव्हे, तो निष्काळजीपणा. तेथे आपल्यालाच ठाऊक असलेले धादांत खोटे उत्तर द्यावे आणि ते सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवावे.

दुसरे उदाहरण मार्च २०१६ मधील. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने एक पत्र आले: कोणीतरी तुमच्या खात्यात शिरू पाहत आहे, या दुव्यावर जाऊन परवलीचा शब्द तात्काळ बदला. पत्र बनावट होते. मोहिमेच्या एका तंत्रसाहाय्यकाने मात्र सहकाऱ्यांना कळवले की हे पत्र अस्सल आहे. आपल्याला ‘बनावट’ या अर्थाचा शब्द लिहायचा होता, त्यातला नकारदर्शक उपसर्ग गळला, असे त्याने पुढे सांगितले. दुवा उघडला गेला. ऑक्टोबरपासून हजारो पत्रे विकिलीक्सवर झळकली. पाठभेदाने अर्थ उलटतो हे आम्ही विद्यार्थ्यांना पोथ्यांच्या दाखल्याने शिकवतो. एवढा महागडा पाठभेद आमच्या पाहण्यात नाही.

हे सारे दूरचे वाटेल म्हणून जवळची एक हकीकत सांगतो. आमच्या एका निवृत्त सहकारी बाईंना ‘तुमचे खाते उद्या बंद होणार’ असे पत्र आले. त्यांनी दुव्यावर जाऊन परवलीचा शब्द लिहिला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने विद्यार्थ्यांकडे पैशांची मागणी गेली. एका विद्यार्थिनीने फोन केला. “बाई, तुम्ही मला नेहमी ‘चि.’ लिहिता. या पत्रात ‘प्रिय विद्यार्थी’ आहे, म्हणून विचारते.” बाई म्हणाल्या, “अगं, मी काही पाठवलंच नाही!” अंतर्गत पुराव्याने बनावट लेख ओळखण्याची ही रीत बाईंनीच तिला शिकवलेली होती. खाते नऊ दिवसांनी परत मिळाले. मात्र चोराने येणारे प्रत्येक पत्र परस्पर आपल्याकडे जावे अशी फॉरवर्डिंगची व्यवस्था करून ठेवली होती, ती महिनाभराने उमगली. तोवर मोहोर शाबूत होती, मॅझिनीच्या पत्रांसारखीच. आणि एका दिवंगत कवीची बाईंना आलेली अकरा वर्षांची पत्रे पुसली गेली होती. “पैसे कोणाचे गेले नाहीत हे बरं झालं,” त्या म्हणाल्या, “पण त्यांची पत्रं आता कुठून आणू?”

शैलीवरून बनावट ओळखण्याचा भरवसाही आता उरलेला नाही. आपली जुनी पत्रे हाती आली की ‘चि.’पासून ‘कळावे’पर्यंत सारे यंत्राकडून हुबेहूब उतरवून घेता येते. तेव्हा पैशाचा वा परवलीच्या शब्दाचा विषय आला की प्रत्यक्ष फोनवर बोलावे, हेच बरे. ई-मेल खात्याचा परवलीचा शब्द अन्य कोठेही वापरू नये, कारण बँकेपासून विद्यापीठापर्यंत सर्वांच्या किल्ल्या शेवटी याच पेटीत येतात. पत्रातील दुव्यावरून खात्यात जाऊ नये; पत्ता स्वतः लिहून जावे. दुसरी किल्ली, म्हणजे द्विस्तरीय पडताळणी, लावावी. गूगलने ती २०११ पासून सर्वांना उपलब्ध केली आहे. फोनवर आलेला आकडा मात्र कोणालाही, अगदी ‘बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्यालाही, सांगू नये. आणि महिन्यातून एकदा खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडले गेले याची नोंद व फॉरवर्डिंगची व्यवस्था तपासावी. आपले खसखशीचे दाणे ते हेच. दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. पण पुसलेली पत्रे कायद्याला परत आणता येत नाहीत.

पत्रे कधीच कोणी उघडू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. तसे असते तर राजवाड्यांचे २२ खंड झाले नसते. ती केव्हा आणि कोणी उघडावी हे लिहिणाऱ्याने वा त्याच्या वारसाने ठरवावे, एवढेच. आपले खाते दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास ते कोणाच्या हाती जावे, हे गूगलवर २०१३ पासून आधीच नोंदवून ठेवता येते. बाईंनी परवा ते काम केले आणि ‘चि.’वाल्या त्या विद्यार्थिनीचे नाव लिहिले. उरलेल्या पत्रांची छापील प्रत काढण्याचे कामही तिने हाती घेतले आहे.