भुतांची चाल

भूत कसें ओळखावें असें खानदेशांतील एखाद्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यास विचारलें, तर तो प्रथम पायांकडे पाहावयास सांगेल. भुताचे पाय उलटे असतात, ही समजूत साऱ्या महाराष्ट्रांत आढळते. तिच्या जोडीला दुसरीहि एक समजूत आहे, परंतु तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. ती ही कीं, भुताला ठिकाण असतें. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यांत राहतो, चकवा रानांतल्या वाटेवर माणसाला फिरवून पुन्हा त्याच जागीं आणून सोडतो, आणि गांवची शीव ओलांडली म्हणजे बहुतेकांची सत्ता संपते. सारांश, आपल्या पूर्वजांचें भूत पायीं चालणारें होतें, व त्याच्या पायांना हद्द होती.

चित्रपटांतील भूत मात्र चालण्याचे कष्ट घेत नाहीं. तें दाराशीं दिसतें, दिवा लुकलुकतो, आणि तें उशाशीं उभें असतें. ही चाल त्याला कोणीं शिकविली?

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस येथें रॉबर्टसन नांवाचा गृहस्थ जादूच्या कंदिलाचे खेळ करीत असे. कंदील चाकांवर बसवून तो पडद्यामागें सरकवी. त्यामुळें आकृति मोठी होत होत अंगावर धावून येत आहे असा भास होई. म्हणजे भूत अद्याप चाकांवर होतें. १८६२ सालीं लंडनच्या पॉलिटेक्निक संस्थेंत पेपर यानें रंगभूमीवर तिरकी कांच उभी करून प्रेक्षकांच्या नजरेआड असलेल्या नटाचें प्रतिबिंब दाखविलें. नटावरील प्रकाश वाढविला कीं भूत हजर, मंद केला कीं गुप्त! आपल्याकडे १८९२ पासून कल्याणच्या पटवर्धनांनीं 'शांबरिक खरोलिके'चे खेळ केले. त्यांत कांचेवर रंगविलेलीं पौराणिक पात्रें पडद्यावर हालूं लागलीं.

परंतु खरी क्रांति झाली ती यंत्राच्या एका खोळंब्यानें. १८९६ सालीं पॅरिसमध्यें मेलियेस रस्त्याचें चित्रण करीत असतां यंत्र क्षणभर अडलें, आणि पुढें पडद्यावर पाहतांना उतारूंच्या गाडीची एकाएकीं प्रेतगाडी झालेली दिसली, अशी हकीकत त्यानेंच पुढें लिहून ठेविली आहे. यंत्र थांबवावें, पात्र हलवावें, यंत्र पुन्हा चालवावें. मधला काळ प्रेक्षकाला कधींच दिसत नाहीं. त्या न दिसणाऱ्या काळांतच भुताला नवे पाय फुटले.

ही विद्या आपल्या प्रांतांत आणली ती त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं. ते स्वतः जादूचे प्रयोग करीत, व 'प्रोफेसर केळफा' हें नांव त्यांनीं आपलेंच आडनांव उलटें करून घेतलें होतें. मात्र 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) व 'लंकादहन' (१९१७) या चित्रपटांत त्यांनीं ही युक्ति देवादिकांसाठीं वापरली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. प्रकट होणें, अंतर्धान पावणें, त्रैलोक्यांत संचार करणें हा आपल्या पुराणांत देवांचा व ऋषींचा अधिकार. पिंपळावरच्या मुंजाला तो कधींच नव्हता. चित्रपटानें देवांची ती सत्ता हळूहळू भुतांच्या स्वाधीन केली.

हें हस्तांतर एकदम झालें नाहीं. कमाल अमरोहींच्या 'महल'मधील (१९४९) छायारूपी स्त्री अखेरीस माळ्याची मुलगी ठरते. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधील (१९८४) राक्षस तर चांगला धिप्पाड, जड पावलांनीं येणारा. तसले चित्रपट पाहून रात्रीं घरीं परततांना आम्हीं पोरें पिंपळ टाळून लांबच्या वाटेनें जात असूं; पडद्यावरच्या राक्षसाचा त्या पिंपळाशीं कांहींएक संबंध नव्हता, परंतु भीतीला ठिकाण लागत होतें! पुढें १९९८ सालच्या 'रिंग' या जपानी चित्रपटांत नटीला उलट पावलीं चालावयास लावून ती फिल्म उलटी फिरविली, तेव्हां ती पुढें येतांना दिसली खरी, पण त्या चालण्यांत मनुष्यपण उरलें नाहीं. आपल्या आजीबाईंनीं उलट्या पायांची जी कल्पना केली होती, तिलाच जणूं यंत्रानें दुजोरा दिला.

जुनें भूत बरें होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या भयाला झाड किंवा विहीर पुरते, तें टाळतां येतें. पण जें घरोघर हिंडतें असें वाटतें, त्याला माणूस लागतो. धुळें व नंदुरबारकडील सातपुड्याच्या पाड्यांत कोणाला आजार झाला, गुरें दगावलीं, कीं एखाद्या निराधार बाईला 'डाकीण' ठरविण्यांत आलें आहे. तिला मारहाण झाली आहे, गांवांतून हांकलून देण्यांत आलें आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजीं डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यानंतर त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या मागें अशा स्त्रियांचें दुःखहि आहे.

पडद्यावरील भूत क्षणांत कोठेंहि जातें, कारण मधली फिल्म कोणीतरी कापलेली असते. गांवांतल्या अफवेचेंहि तसेंच आहे. ताप आला व शेजारीण डाकीण ठरली, या दोहोंमधला सारा काळ, सारी कारणपरंपरा कापून टाकलेली असते. तो कापलेला तुकडा शोधून पुन्हा जागेवर जोडणें, हेंच शिक्षणाचें काम होय.