पाठीची नोंद

सोलापूरच्या कामगारांविषयी छापील साहित्य कमी नाही. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने 1925 साली इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. 1947 साली पुण्याच्या गोखले संस्थेने आर. जी. काकडे यांचा इथल्या विणकर समाजांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1965 साली धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहरावरचा ग्रंथ आला. अशी पुस्तके चाळताना माझा शोध थोडा वेगळा असतो. मला विणकराची पाठ हवी असते, विडी वळणारीची मान आणि मनगट हवे असते. घरखर्चाच्या पाहण्यांचे रकाने ठरलेले: अन्न, इंधन, कपडे, घरभाडे आणि किरकोळ. दुखऱ्या कमरेला लावलेले तेल सापडलेच, तर ते या 'किरकोळ'मध्ये.

ही दृष्टी आजची आणि आपण ती जुन्या काळावर लादतो आहोत, असे कोणी म्हणेल. तसे नाही. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हाच त्याने या रोगांची दोन मुळे सांगितली होती. एक, हाताळावा लागणारा घातक पदार्थ. दुसरे, शरीराच्या वेड्यावाकड्या बैठकी आणि हालचाली. 'अर्गोनॉमिक्स' हा शब्द 1857 साली यास्त्रझेंबोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने घडवला आणि 1949 साली इंग्लंडात या विषयाची संशोधन संस्था निघाली. पण रामाझ्झिनीच्या दुसऱ्या मुळाला न्याय मिळायला शास्त्राचे नाव लागतेच असे नाही. तारयंत्राची कळ दाबून दाबून आखडणारा हात इंग्लंडच्या कायद्याने 1908 सालीच भरपाईस पात्र ठरवला होता.

आपल्याकडे 1948 चा कारखाना कायदा आला. उभे राहून काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी, असे त्याचे 44 वे कलम सांगत असे. कोणी पेलू नये असे ओझे उचलायला लावू नये, असे 34 वे. कलमे चांगलीच होती. मात्र याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती, ती पुढे 29 पर्यंत वाढली. शिसे, पारा, विषारी वायू, कापसाची धूळ, किरण, आवाज असे सारे तिच्यात होते. झिजलेली कंबर आणि बधिर होणारी बोटे नव्हती. म्हणजे रामाझ्झिनीचे पहिले मूळ आपण घेतले आणि दुसरे सोडून दिले.

सोलापुरात या दुसऱ्या मुळाचा इतिहास मागापासूनच वाचावा लागतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा माग खड्ड्याचा. काठावर बैठक, पाय खाली पावड्यांवर, समोर फणी. खड्ड्यातल्या ओलाव्याने ताण्याचे सूत तुटत नाही. सुताची ही काळजी मला नेहमी विचारात पाडते. हाताने धोटा फेकताना कापडाची रुंदी विणकराच्या कवेइतकीच. दोरी ओढून धोटा पळवायची युक्ती इंग्लंडात 1733 ची. ती आली, कापड रुंद झाले, वेग वाढला आणि दोन्ही हातांची फेकाफेक जाऊन एकाच हाताचा झटका उरला. 1877 साली जुनी मिल सुरू झाली आणि नंतर यंत्रमाग आले, तेव्हा विणकर बसायचा तो उभा राहिला. वाकून तुटलेला धागा जोडायचा, पुढच्या मागाकडे जायचे, पुन्हा वाकायचे. सोलापुरी चादरीच्या पक्क्या रंगाचे कौतुक आपण खूप केले. ते रास्तच आहे, पण जरा एकतर्फी.

बायकांचे काम मात्र कारखान्याच्या भिंतीबाहेरच राहिले. विडी घरी वळतात: मांडीवर सूप, मान खाली, पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर, शिवाय छाटीची भीती. हजाराच्या हिशेबात विश्रांती म्हणजे तोटा, त्यामुळे शहाण्या वैद्याचा 'मध्ये उठत जा' हा सल्ला परवडत नाही. अशा कामाचे मनगटावर काय होते यावर आता वाद नाही. एकच हालचाल, जोर आणि अवघडलेली बैठक एकत्र आली की मनगटातली नस दबते, याचे पुरावे अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने 1997 साली एकत्र मांडले. 2010 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हे विकार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घेतले.

कारागिराच्या शरीराला परवडेल असे यंत्र मागणारी एक जाहिरात मात्र आपल्याच इतिहासात आहे. 1929 साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटींमध्ये सुताचे माप होते, किंमत होती आणि बाईला आठ तास फारसे श्रम न पडता चालवता यावा, हेही होते. माणूस आधी आणि यंत्र नंतर, अशी ती अट. किर्लोस्करवाडीहून एक यंत्र या स्पर्धेसाठी गेले होते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

विडीसाठी अशी अट कोणी घातल्याचे माझ्या वाचनात नाही. 1966 चा विडी कामगार कायदा झाला, 1976 साली कल्याण निधी आला, त्यातून दवाखाने निघाले. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरे उभी राहिली, 2006 साली ती त्यांच्या ताब्यात येऊ लागली. हे यश मोठे आहे. त्या निधीला पैसा पुरवणारा उपकर 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा रद्द झाला. कुंभारीच्या घरांत सूप अजून मांडीवरच आहे आणि मजुरी अजून हजारावरच.