डोंगरातला मुक्काम आणि गुलबदन बेगमची आठवण

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की पुण्या-मुंबईची कुटुंबे मुलाबाळांसह गाडी भरून निघतात. पवनेच्या काठी, भंडारदऱ्याला, राजमाचीच्या पायथ्याशी तंबूत एखादी रात्र काढतात. चांदणे, शेकोटी, गाणी, रात्री उशिरापर्यंत गप्पा, सकाळी कुणीतरी आवरायला वेळ लावला म्हणून घरच्या कर्त्या माणसाची चिडचिड. याला आपण 'कॅम्पिंग' म्हणतो आणि ही हौस साहेबाकडून आली असे गृहीत धरतो.

शब्द इंग्रजी असेल, हौस मात्र तशी नाही. तंबू, कनात, शामियाना, मुक्काम, मजल, लवाजमा हे सगळे शब्द मराठीत फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि इथलेच झाले. पुण्यातल्या फरासखाना पोलीस ठाण्याच्या नावातला 'फरास' म्हणजे तंबू ठोकणारा, जाजम अंथरणारा नोकर. फरासखाना म्हणजे तंबू-बिछायतीचे कोठार. हे शब्द ज्या जगातून आले, त्या जगात माणसे तंबूत सहलीपुरती राहत नसत. त्यांचे अर्धे आयुष्य तंबूत जाई. मुले तिथेच जन्मत, तिथेच रांगायला लागत.

त्या जगातल्या डोंगर-सहलीचे वर्णन एका बाईने लिहून ठेवले आहे. ती स्वतः त्या सहलीत होती.

कोण ही गुलबदन?

गुलबदन बेगम ही बाबरची मुलगी. 1523 च्या सुमारास काबूलमध्ये जन्मली. तिची आई दिलदार बेगम, पण वाढवले हुमायूनच्या आईने, माहम बेगमने. हुमायून तिचा सावत्र भाऊ, हिंदाल सख्खा भाऊ आणि अकबर भाचा. 1587 च्या सुमारास अकबराने दरबाराचा इतिहास लिहवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या लोकांना आठवेल ते लिहून द्यायला सांगितले. साठी ओलांडलेल्या आत्यालाही तसा निरोप गेला. तिने जे लिहून दिले ते 'हुमायूननामा' या नावाने ओळखले जाते.

सुरुवातीलाच ती सांगते की वडील गेले तेव्हा आपण आठ वर्षांच्या होतो, त्यामुळे फारसे आठवत नाही. दरबारी इतिहासकार सहसा असे लिहीत नाही. तो सर्वज्ञ असतो. लढाया, तारखा, शरण आलेले सरदार, मिळालेली लूट यांचा हिशेब देतो. गुलबदनच्या लेखनात लढाया आहेत, पण त्या तंबूच्या दारातून दिसतात तशा. कोण कुणावर रुसले, कुणाच्या घोड्याने दगा दिला, जेवायला काय होते, हे तिला पक्के आठवते.

सिक्रीत निखळलेला हात

1529 मध्ये सहा वर्षांची गुलबदन माहम बेगमबरोबर काबूलहून आग्र्याला आली. काबूलचे डोंगर, खैबरची वाट, मग पंजाबचे मैदान असा तो लांबचा प्रवास. माहम जवळ आल्याचे कळताच बाबर घोड्याचीही वाट न पाहता पायीच सामोरा निघाला. दुसऱ्या दिवशी मुलगी वडिलांना भेटली. त्यांनी कवेत घेतल्यावर झालेला आनंद तिला साठीतही जशाच्या तसा आठवत होता.

नंतर बाबर घरच्यांना धौलपूर आणि सिक्री दाखवायला घेऊन गेला. सिक्रीच्या बागेत त्याने एक चौखंडी बांधून घेतली होती. तिथे बसून तो आपले आत्मचरित्र लिहीत असे. इतिहासाच्या दृष्टीने हा मोलाचा तपशील, आणि गुलबदन तो देतेही. पण पुढे लगेच तिला आठवतो तो आपला हात. माहम नमाजला गेली होती. गुलबदन बाबरची पत्नी अफगाणी आगाचा हिच्याशी खेळत होती. माझा हात ओढ, असे तिनेच सांगितले. अफगाणी आगाचाने ओढला आणि हात निखळला. पोर रडून बेजार. मग हाडवैद्य आला, त्याने हात बांधला, आणि त्यानंतरच बादशहा आग्र्याला गेला.

पुढच्या वर्षी डिसेंबरात बाबर वारला. आपल्या लाडक्या लेकीला त्याने वडील म्हणून दिलेला वेळ जेमतेम दीड वर्षाचा.

रिवाज पाहायला

त्यानंतर वीसेक वर्षांनी, काबूलमध्ये. हुमायून हिंदुस्थान गमावून, इराणच्या शहाचा आश्रय घेऊन, काबूल परत मिळवून बसला होता. बल्खवर स्वारीची तयारी सुरू होती. वसंत ऋतू होता. काबूलच्या डोंगरउतारांवर वसंतात रिवाज नावाची वनस्पती उगवते. रुंद पाने, आंबट लालसर देठ. अफगाण लोक ते देठ मीठ लावून कच्चे खातात. बेगमांनी हट्ट धरला की रिवाज उगवलेले पाहायला डोंगरात जायचे. हुमायून म्हणाला, फौजेत सामील व्हायला कोहदामनच्या वाटेनेच जाणार आहे, तुम्हीही चला.

सहल सुरुवातीपासूनच रखडली. बागेतला ओढा ओलांडताना अफगाणी आगाचा घोड्यावरून पडली. हीच ती सिक्रीत हात ओढणारी. त्यात तासभर गेला. मग माहचूचक बेगमचा घोडा भलतीकडे चढला. बादशहाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तुम्ही पुढे व्हा, मी अफू घेऊन राग निवला की येतो, असे त्याने सांगितले. थोड्या वेळाने तो मागून आला तेव्हा चेहरा प्रसन्न होता.

रात्र चांदण्याची होती. वाटेत गोष्टी झाल्या, गाणारे हळू आवाजात गात होते. मुक्कामाला पोहोचले तर बादशाही तंबू अजून आलेच नव्हते, एकच तंबू उभा होता. मग सगळे त्या एकाच तंबूत बसले. बादशहा, अकबराची आई हमीदाबानू, गुलबदन आणि इतर बेगमा. मध्यरात्र उलटून गेली तरी गप्पा संपेनात. शेवटी जो तो जिथे बसला होता तिथेच झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडे वेळेवर आले नाहीत. ते आले तर दोन बेगमांचे आवरून झाले नव्हते. त्यांना आणायला गुलबदनच गेली. ती त्यांना घेऊन येते तोवर हुमायून म्हणाला, आता ऊन चढले, दुपारच्या नमाजनंतर जाऊ. अखेर डोंगरउतारावर सगळीकडे फुटलेली रिवाजची पाने त्यांनी हिंडून पाहिली. संध्याकाळी तिथेच तंबू पडले. पुन्हा गप्पांची रात्र. पहाटे मात्र बादशहा उठून बाहेर गेला आणि त्याने प्रत्येक बेगमेला वेगळे पत्र पाठवले की त्रास दिल्याबद्दल माफी लिहून द्या. सगळ्यांनी माफीनामे लिहिले आणि सहल पुढे निघाली. फर्जाला बीबी दौलतबख्त एक दिवस आधीच पोहोचली होती. तिने जेवण, दूध, दही, सरबत तयार ठेवले होते. हमीदाबानूने प्रत्येकीच्या मुक्कामी नऊ-नऊ मेंढ्या पाठवल्या. तुर्की रिवाजात नऊ हा शुभ आकडा. फर्जाच्या वरच्या अंगाला असलेला सुंदर धबधबाही गुलबदनने नोंदवला आहे. इस्तालिफला तीन दिवस राहून हुमायून बल्खकडे गेला.

तंबूत राहून गेलेले मूल

एवढे वाचून हे कुटुंब फार सुखी होते असे वाटेल. म्हणून त्याच पुस्तकातला दुसरा मुक्काम पाहिला पाहिजे.

1543 चा हिवाळा. हुमायून आणि हमीदाबानू सिंधमधून कंदाहारच्या बाजूला निघाले होते. अकबर वर्ष-सव्वा वर्षाचा. बलुचिस्तानात मस्तुंगजवळ मुक्काम असताना बातमी आली की सावत्र भाऊच, मिर्झा अस्करी, पकडायला येत आहे. घोडे पुरेसे नव्हते, वेळ तर नव्हताच. हुमायूनने हमीदाबानूला घोड्यावर घेतले आणि ते डोंगरात निसटले. तान्हे मूल दाईंच्या हवाली तंबूतच राहिले.

पुढची हकीकत गुलबदनने लिहिली आहे. ती तेव्हा तिथे नव्हती, म्हणजे हे तिने घरच्यांच्या तोंडूनच ऐकलेले असणार. बर्फ, सरपण नाही, अन्न नाही. एक घोडा मारला. शिजवायला भांडे नव्हते, तेव्हा थोडे मांस शिरस्त्राणात उकडले, थोडे विस्तवावर भाजले. ज्या बाईने हे खाल्ले, तिचे मूल मागे शत्रूच्या तंबूत होते.

अस्करीने मुलाला इजा केली नाही. कंदाहारला त्याची बायको सुलतानम बेगम हिने अकबराला सांभाळले. नंतरच्या हिवाळ्यात त्याला आणि त्याच्या सावत्र बहिणीला बर्फातून काबूलला कामरानकडे पाठवले. तिथे बाबरची थोरली बहीण खानजादा बेगम होती. ती त्या पोराचे हातपाय कुरवाळून म्हणे की हे तर हुबेहूब माझ्या भावाचेच. 1545 च्या नोव्हेंबरात हुमायूनने काबूल घेतले. हमीदाबानू त्यानंतर आली. अबुल फजल लिहितो की मुद्दाम अनेक स्त्रियांमध्ये तिला बसवले, तरी तीन वर्षांच्या अकबराने आईला ओळखले. यात दरबारी गोडवा किती हे ज्याने त्याने ठरवावे, पण मधली दोन वर्षे खरी होती.

भावाभावांचे हे भांडण थांबले नाही. रिवाजच्या सहलीनंतर फार काळ गेला नाही, 1551 मध्ये कामरानच्या बाजूने झालेल्या रात्रीच्या हल्ल्यात हिंदाल मारला गेला. गुलबदन त्या दुःखात लिहिते की तो वार आपल्या किंवा आपल्या मुलाच्या छातीवर का झाला नाही. एकाच कुटुंबाने एकमेकांची मुले पळवली आणि सांभाळलीही. ते एका तंबूत झोपले आणि एकमेकांच्या तंबूवर चालूनही गेले. मोगलांना केवळ क्रूर किंवा केवळ वैभवशाली ठरवणाऱ्या दोन्ही बाजूंना ही गुंतागुंत नको असते.

कनातीची भिंत

अकबराच्या काळात तंबूचे रूप पालटले. 'आईन-ए-अकबरी'त बादशाही तळाचा तपशील आहे. एक तळ वाहून न्यायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल लागत. 1,000 फरास, 500 बेलदार, 100 पाणके, 150 झाडूवाले दिमतीला असत. रात्री वाट चुकू नये म्हणून 40 गज उंच खांबावर आकाशदिवा टांगत. पुढच्या मुक्कामाला दुसरा संच आधीच रवाना होई, त्याला पेशखाना म्हणत. या हजारो हातांपैकी एकानेही आपली आठवण लिहून ठेवलेली नाही. गुलबदनच्या सहलीतही वेळेवर न आलेले तंबू आणि घोडे कुणीतरी आणत होते, त्यांची नावे तिला आठवत नाहीत. तिच्या आठवणीची ही मर्यादा नोंदवलीच पाहिजे.

या नव्या तळात जनान्याभोवती कनातींचे पक्के कुंपण आले, पहारे आले, पदव्या आल्या. इतिहासकार रूबी लाल यांनी 2005 च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की बंदिस्त, शिस्तबद्ध 'हरम' ही पहिल्यापासून चालत आलेली गोष्ट नव्हती. ती अकबराच्या काळात घडवली गेली. बाबर-हुमायूनच्या काळातल्या बेगमा घोड्यावर बसून डोंगर चढत होत्या, तह-तडजोडीला जात होत्या, बादशहाला वाट पाहायला लावत होत्या. मुस्लिम स्त्रीचा पडदा अनादी आहे असे मानणाऱ्या आपल्याकडच्या दोन्ही गटांनी, त्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आणि त्यावरून हिणवणाऱ्यांनी, हा फरक समजून घ्यायला हवा.

गुलबदन हे लिहायला बसली ती त्या कुंपणाच्या आत. त्याआधी, 1575 मध्ये, ती घरच्या स्त्रियांना घेऊन हज यात्रेला निघाली होती. सुरतेहून जहाजाने गेली, परतताना एडनजवळ जहाज फुटले, आणि 1582 मध्ये ती सिक्रीला पोहोचली. पन्नाशीत सात वर्षांचा प्रवास करणारी बाई चांदण्या रात्रीचा डोंगर का विसरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

1603 मध्ये ती वारली तेव्हा अकबराने तिच्या जनाज्याला खांदा दिला. तिच्या पुस्तकाला मात्र फारसे कुणी खांदा दिला नाही. त्याची एकच अपुरी प्रत माहीत आहे. ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि कामरानला आंधळे केल्याच्या प्रसंगापाशी वाक्याच्या मध्येच तुटते. ॲनेट बेव्हरिज यांनी 1902 मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे जगाला ही बाई कळली.

इतिहासात सनावळी लागतेच. पण माणसे कशी राहत होती, मुलांना कुणी सांभाळले, त्यांची किंमत कुणी मोजली, हे सनावळीत सापडत नाही. ते गुलबदनसारख्या आत्या-मावश्यांच्या आठवणीत असते. मराठी मुस्लिम घरांतही अशा आत्या-मावश्या आहेत. फाळणीची धास्ती, रझाकारांचे दिवस, गिरण्यांचा संप, गाव सोडून मोहल्ल्यात आलेली पिढी, हे सगळे त्यांना जेवणाच्या पदार्थांसकट आठवते. अकबर निरक्षर होता असे म्हणतात. पण आत्याला लिहायला सांगावे, एवढे त्याला कळत होते.