चौदा देवदूत, चौदा आचारी

लहानपणी मी वाचलेल्या ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’मध्ये मुलांना जंगलात सोडून देण्याची युक्ती सावत्र आईची होती. आपल्या गोष्टींमधूनही सावत्र आई ओळखीची असल्याने त्यात काही खटकले नाही. पुढे ग्रिम बंधूंच्या आवृत्त्या ताडून पाहताना लक्षात आले, की १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ती सख्खी आईच आहे. ‘सावत्र’ ती झाली १८४० मध्ये. घरात भाकरी उरली नाही म्हणून जन्मदातीच पोटच्या मुलांना टाकते, हे मुलांच्या पुस्तकात ठेवणे जड गेले असावे.

ही भूक झाकण्याची दुसरी पायरी म्हणजे एंगेलबर्ट हुंपरडिंकचा ऑपेरा. त्याचा आरंभ घरगुती होता. १८९० मध्ये आडेलहाइड वेटे या त्याच्या बहिणीने आपल्या मुलांच्या खेळासाठी काही पदे लिहिली आणि भावाकडून त्यांना चाली लावून घेतल्या. त्यातूनच पूर्ण ऑपेरा उभा राहिला आणि २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमार येथे रिचर्ड श्ट्राऊसच्या संचालनाखाली रंगमंचावर आला. तेव्हापासून तो नाताळचा ऑपेरा झाला.

वेटेबाईंची आई मुलांना टाकत नाही. कामचुकार मुलांवर रागावताना तिच्याच हातून घरातले एकुलते दुधाचे भांडे फुटते आणि त्या संतापात ती त्यांना स्ट्रॉबेरी वेचायला रानात पिटाळते. वडील झाडू विकून खाण्याचे जिन्नस घेऊन परततात. मुले कुठे गेली हे कळताच दोघे त्यांच्या शोधात धावतात. गुन्ह्याचा अपघात झाला. रानात रात्र पडल्यावर मुले प्रार्थना म्हणून झोपतात आणि ढगांच्या जिन्यावरून चौदा देवदूत उतरून त्यांच्याभोवती पहारा देतात.

या देवदूतांचे रिचर्ड जोन्स या दिग्दर्शकाने काय केले, ते मी चित्रमुद्रणात पाहिले. त्याची मांडणी १९९८ मध्ये वेल्श नॅशनल ऑपेरात झाली आणि २००७ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात आली. तिन्ही अंक खाण्याच्या जागी घडतात. स्वप्नात देवदूत नाहीतच. पांढऱ्या टोप्यांचे, भल्यामोठ्या डोक्यांचे आचारी येतात आणि माशाचे डोके असलेल्या वाढप्याच्या देखरेखीखाली मुलांसमोर मेजवानी मांडतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हा आचरटपणा वाटला. इतक्या पवित्र सुरावटीवर स्वयंपाकी कशाला?

मग स्वरलेखन समोर ठेवून ऐकले. स्वप्नाच्या त्या प्रसंगात एकही शब्द गायला जात नाही. फक्त वाद्यवृंद बोलतो. देवदूत आहेत ते रंगसूचनेत. उलट भूक पहिल्या प्रवेशापासून गाण्यात आहे. मुले भुकेने कुरकुरतात, आई उपाशीपोटी रडत झोपी जाते, वडील घरी येतात तेही भुकेचेच गाणे गात. रात्रीच्या प्रार्थनेची चाल नांदीच्या आरंभी हॉर्नवर वाजते आणि शेवटच्या समूहगानात पुन्हा येते. प्रार्थना आणि पोट संगीतकाराने वेगळे काढलेलेच नव्हते. दोन दिवसांच्या उपाशी पोराला स्वप्नात पंख दिसतील की ताट, एवढाच जोन्सचा प्रश्न आहे. त्याने काही घुसडले नाही. १८४० नंतर झाकलेले उघडे केले.

इतरांनीही हा धागा धरला आहे. लॉराँ पेली याने २००८ मध्ये ग्लाइंडबॉर्नला मुलांचे घर पुठ्ठ्याच्या खोक्याचे केले आणि चेटकिणीचे घर सुपरमार्केटच्या रंगीत फळ्यांचे. स्टुटगार्टमध्ये किरिल सेरेब्रेन्निकोव्ह रवांडातील दोन मुलांना घेऊन केलेल्या चित्रपटाभोवती हा ऑपेरा रचत होता. ऑगस्ट २०१७ मध्ये मॉस्कोत त्याला नजरकैदेत ठेवण्यात आले. ऑक्टोबरमध्ये प्रयोग झाला तो दिग्दर्शकाविना, अपुऱ्या अवस्थेतच.

असले प्रयोग मुलांना सोसतात का, ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर मला आपल्याच बालरंगभूमीवर सापडते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चिंची चेटकीण व्हायचे. मेट्रोपॉलिटनमध्येही चेटकीण झाला होता फिलिप लँग्रिज हा पुरुष गायक. बाईच्या वेशातला पुरुष दिसला की मूल घाबरते आणि हसतेही. हसता हसता ते पुष्कळ काही पचवते.

सोसत नाही ते बहुधा आपल्याला, मोठ्यांना. सख्ख्या आईला सावत्र केले ते मुलांनी नव्हे. ती भाकरी संपली होती, एवढे गोष्टीत ठेवले तरी त्या आईवरचा निम्मा आरोप उतरतो.