ऑक्सफर्ड येथील मद्याचा तंटा व त्रेसष्ट पेनी

जुन्या काळच्या विद्यार्थ्यांच्या मद्यपानाविषयीं पुरावा शोधूं गेल्यास तो बहुधा तंट्यांच्या कागदांतच सांपडतो. गुत्त्यांत बसून सुखरूप परतलेल्या विद्यार्थ्याची नोंद कोणी करून ठेवीत नाहीं. डोकें फुटलें म्हणजे मात्र साक्षी, सनदा व मुचलके निर्माण होतात. आपल्याकडील महजर व निवाडपत्रें वाचणारांस ही गोष्ट नवी नाहीं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या इतिहासांतील एक प्रसिद्ध प्रकरण या दृष्टीनें पुन्हा तपासण्यासारखें आहे. कारण त्यांतील मृतांचा जो आंकडा सर्वत्र छापला जातो, तो आम्हांस शंकास्पद वाटतो.

प्रकरणाचा दिवस मंगळवार, ता. १० फेब्रुवारी १३५५, म्हणजे शके १२७६. त्या काळीं इंग्लंडांत वर्षारंभ २५ मार्च रोजीं होत असल्यामुळें तेथील जुन्या गणनेनें हेंच वर्ष १३५४ येतें. मित्या जुळवितांना हें ध्यानांत ठेवावें. दक्षिणेंत तेव्हां अल्लाउद्दीन हसन बहमनशहाचा अंमल होता.

शहराच्या मध्यावरील कारफॅक्स चौकांत स्विंडलस्टॉक नांवाचा गुत्ता होता. वॉल्टर स्प्रिंगह्यूज व रॉजर चेस्टरफील्ड हे विद्यापीठाचे दोघे जण मित्रांसह तेथें आले. त्या काळचा विद्यार्थी हा धर्मसंस्थेचा मनुष्य गणला जाई, आणि हे दोघे तर धर्मवृत्ति भोगणारे होते. केवळ पोरवयाचा उच्छृंखलपणा म्हणून हें प्रकरण सोडून देतां येत नाहीं. जॉन क्रॉयडन या विक्रेत्यानें दिलेलें मद्य हिणकस आहे अशी त्यांनीं तक्रार केली, बोलाचाली वाढली, आणि पेला क्रॉयडनच्या डोक्यांत बसला. गुत्त्याचा मालक जॉन डी बेरफर्ड हाच त्या वेळीं शहराचा मेयर होता, हें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. सेंट मार्टिनच्या देवळाची घंटा नागरिकांसाठीं वाजली, सेंट मेरीची विद्यापीठासाठीं. दंगा तीन दिवस चालला. आसपासच्या खेड्यांतील लोकहि शहरवाल्यांच्या मदतीस धांवून आले, आणि विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें फोडून त्यांत कत्तल झाली.

एका पेल्यानें एवढें घडत नाहीं. विद्यार्थी नगराच्या न्यायाधिकाराबाहेर. त्यांचे खाणें, पिणें व भाडें यांवर मात्र नगराचा चरितार्थ! पॅरिस येथें १२२९ सालीं सेंट मार्सेल उपनगरांत मद्याच्या किंमतीवरून असाच तंटा होऊन विद्यार्थी मारले गेले, अध्यापन दोन वर्षें बंद पडलें, आणि १२३१ सालीं पोप नववा ग्रेगरी याच्या आज्ञापत्रानें विद्यापीठाचे हक्क पक्के झाले. ऑक्सफर्डासहि तेंच झालें. राजा तिसरा एडवर्ड यानें ता. २७ जून १३५५ च्या सनदेनें पाव, जवाची दारू व द्राक्षमद्य यांच्या तपासणीचा, तसाच वजनमापांचा अधिकार विद्यापीठाच्या चॅन्सेलरास दिला. मद्य हिणकस म्हणून ज्यांनीं पेला फेंकला, त्यांच्याच मुख्याकडे मद्याची परीक्षा आली. आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत बोलका कागद हाच.

आतां मृतांच्या आंकड्याविषयीं. १३५७ सालीं नगरानें मुचलका लिहून दिला कीं, दरवर्षीं त्याच दिवशीं, म्हणजे सेंट स्कोलास्टिकाच्या सणास, मेयर, दोन बेलिफ व साठ नागरिक यांनीं सेंट मेरीच्या देवळांत मृतांसाठीं होणाऱ्या प्रार्थनेस हजर राहून प्रत्येकीं एक पेनी वाहावी; न केल्यास शंभर मार्क दंड. पुढें सर्वत्र असें लिहिलें जाऊं लागलें कीं, त्रेसष्ट विद्यार्थी मेले म्हणून दर मृतामागें एक याप्रमाणें त्रेसष्ट पेनी. परंतु एक मेयर, दोन बेलिफ व साठ नागरिक मिळून त्रेसष्टच होतात! पेनी वाहणारांच्या संख्येवरून मृतांची संख्या मागाहून बनली असावी, असा आमचा तर्क आहे. उलट, मृतांच्या संख्येवरून नागरिक ठरविले असें कोणी म्हणेल. पण तीन अधिकारी वजा जातां बरोबर साठ हा गोळाबेरजी आंकडा उरावा, हा योगायोग फारच सोयीचा आहे. दंग्याचें जें रसभरित वर्णन आज उद्धृत होतें, तें बव्हंशीं अँथनी वुड (१६३२–१६९५) याचें. तो विद्यापीठाचा अभिमानी आणि प्रसंगानंतर तीनशें वर्षांनीं लिहिणारा. बळी थोडे होते असें आमचें म्हणणें नाहीं; आंकडा मात्र आधारावांचून घेऊं नये.

धर्मक्रांतीनंतर मृतांसाठीं होणारी प्रार्थना बंद झाली, पण पेनी चालूच राहिल्या. १८२५ सालीं मेयरनें जाण्याचें नाकारलें, तेव्हां ही रीत मोडली. पुढें ता. १० फेब्रुवारी १९५५ रोजीं विद्यापीठानें मेयरला सन्मान्य पदवी दिली व नगरानें व्हाइस-चॅन्सेलरास सन्मान्य नागरिक केलें. कारफॅक्स येथें गुत्त्याच्या जागेवर स्मारकलेख बसविलेला असून त्यावर गुत्त्याचें नांव व १२५० ते १७०९ हीं वर्षें कोरलेलीं आहेत.