गंजत पडलेली इंजिनं

हॉकर हंटर म्हटलं की आपल्याला लोंगेवाला आठवतं. डिसेंबर १९७१, आणि जैसलमेरहून उडून पाकिस्तानी रणगाडे टिपणारी आपली विमानं. मीही त्या विमानाकडे लहानपणापासून अभिमानानेच पाहत आलो. एडिनबरात राहायला आल्यावर त्याची दुसरी गोष्ट कळली.

११ सप्टेंबर १९७३, चिलीची राजधानी सांतियागो. तिथल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर रॉकेटं डागली. लोकांनी निवडून दिलेले आयेंदे त्याच दिवशी आत मरण पावले आणि पिनोशेची लष्करी राजवट आली, ती १९९० पर्यंत टिकली.

पात्रिसिओ गुस्मान हा तरुण दिग्दर्शक त्या काळात रस्त्यावरचं सगळं चित्रित करत होता. त्याला नॅशनल स्टेडियममध्ये डांबलं. सुटल्यावर त्याने देश सोडला. रिळं स्वीडिश दूतावासाच्या मदतीने बाहेर गेली आणि क्युबात त्यांचा 'बॅटल ऑफ चिली' हा तीन भागांचा माहितीपट (१९७५-७९) झाला. त्याचा कॅमेरामन होर्हे म्युलर मात्र १९७४ मध्ये पकडला गेला, तो परत आलाच नाही.

याच गोष्टीचा एक धागा आमच्या स्कॉटलंडात आहे. एडिनबराहून तास-सव्वा तासावरच्या ईस्ट किलब्राइडला रोल्स-रॉइसच्या कारखान्यात हंटरची एव्हॉन इंजिनं दुरुस्तीला येत. १९७४ च्या मार्चमध्ये बॉब फुल्टन या तपासनिसासमोर चिलीचं इंजिन आलं. त्याने हात लावायला साफ नकार दिला. सहकारी पाठीशी उभे राहिले. इंजिनं पेट्यांत भरून आवारात ठेवली गेली, ती चार वर्षं तिथेच. इथल्या पावसात जेट इंजिनाचं काय होतं ते इंजिनिअरला सांगायला नको. १९७८ मध्ये एका रात्री ती गुपचूप हलवली. आपल्या नकाराने काही साधलं का, हे त्या कामगारांना कित्येक वर्षं कळलंच नाही.

ते शोधून काढलं फेलिपे बुस्तोस सिएरा याने. बेल्जियममध्ये परागंदा झालेल्या एका चिलियन पत्रकाराचा हा मुलगा पुढे स्कॉटलंडात स्थायिक झाला. त्याचा 'ने पासारान' २०१८ मध्ये आला. तोवर, २०१५ मध्ये, चिली सरकारने फुल्टन आणि दोन साथीदारांचा सन्मानही केला होता.

डॉक्टरेट करताना मी आकडे तपासायला शिकलो. यंत्र कुठे जाणार, हे विचारायचं कधी सुचलंच नाही. उद्या माझ्या टेबलावर असं काम आलं तर? व्हिसा आहे, घराचा हप्ता आहे. खरं सांगायचं तर, छातीठोक उत्तर देता येत नाही. असो. सिनेमा मिळाला तर जरूर पाहा.