घारापुरी: पाहुणे आधी, वीज नंतर

आज मनानंच बोटीत बसू आणि घारापुरीला जाऊ. मुंबईच्या गेटवेपासून तासाभराचा प्रवास. बेट मात्र रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तिथं तीन गावं. वस्ती आपल्या जूचंद्रासारखीच, आगरी-कोळ्यांची.

डोंगरात कोरलेली शिवाची लेणी सुमारे दीड हजार वर्षांची. बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगिजांनी 'एलिफंटा' हे नाव पाडलं. तो हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. इंग्रजांच्या काळात साहेबलोक इथं सहलीला येऊ लागले. १८७५ साली इंग्लंडच्या युवराजाला तर लेण्यातच मेजवानी दिली, रोषणाई करून. १९८७ साली युनेस्कोनं लेण्यांना जागतिक वारसा ठरवलं. बोटी भरभरून येऊ लागल्या.

आणि गावकऱ्यांच्या घरी कायमची वीज कधी आली? फेब्रुवारी २०१८ मध्ये! समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली तेव्हा. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर, मग कंदील. युवराजाच्या पंगतीला उजेड मिळाला, त्यानंतर बेटावरच्या सुनांनी १४० वर्षांहून जास्त काळ वाट पाहिली.

तरी तिथल्या बायका हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. लेण्याकडं चढणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. कुणी काकडी, कैरी, बोरं विकते. कुणी डोक्यावर हंडे घेऊन फोटोला उभी राहते आणि त्याचे पैसे घेते. ग्रामपंचायतही पाहुण्यांकडून कर घेते. पण सोमवारी लेणी बंद, म्हणजे कमाईही बंद. संध्याकाळी शेवटची बोट सुटली की गिऱ्हाईक संपलं. सगळा संसार एकाच धंद्यावर टांगला की असं होतं.

आपल्या जूचंद्राची रांगोळी लांबलांबच्या लोकांना माहीत आहे. डोंगरावरच्या चंडिकामातेला भाविक येतात. उद्या पाहुणे आणखी वाढतील. म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. पाहुण्यांचा पैसा गावात किती थांबेल? पाणी, रस्ता, संडास आधी कुणाला मिळेल? आणि पाहुणे नसतील त्या दिवशी चूल कशावर पेटेल?

उत्तरं आत्ताच ठरवा, बायांनो. पाहुणे आल्यावर सवड मिळत नाही.